ताईंना परदेशी नेताय? मग इंग्रजीचा क्लास आधी शोधा

आमच्या ताई कर्वेनगरमधून आमच्याकडे कोथरूडला 6 वर्षं कामाला येत होत्या. नवऱ्याची सिंगापूरला बदली झाली तेव्हा लेक दीड वर्षाची होती आणि ताई स्वतःच म्हणाल्या, वहिनी मी येते की तुमच्यासोबत, माझी पोरं मोठी झालीत, आईपाशी राहतील. आम्हाला काय, देवच पावला. लगेच यादी केली, कागदपत्रं, मेडिकल, तिकिटं, आणि त्या यादीत सगळ्यात खाली, गोडा मसाला आणि कुकरच्या जादा शिट्ट्यांच्याही खाली, मी लिहिलं होतं "ताई – इंग्लिश". ती ओळ सगळ्यात वर पाहिजे होती हे कळेपर्यंत एका क्लासची अख्खी फी पाण्यात गेली होती.

आता आम्ही परत पुण्यात आलोय आणि अधूनमधून कुणाचा तरी फोन येतोच, आमच्या मावशींना दुबईला नेतोय, लंडनला नेतोय, इंग्लिशचं काय करू, कुठला क्लास चांगला. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. क्लासचं नाव विचारू नका, कारण तुमच्या ताईंना चालेल तो क्लास तुम्हालाच शोधायला लागणार आहे, पण कसा शोधायचा आणि काय बघायचं ते सांगते. (खाली "बाई" म्हणजे शिकवणाऱ्या बाई आणि कामाला येतात त्या ताई. आमच्या घरी "बाई आल्या" म्हटलं की सासूबाईंचा हमखास गोंधळ व्हायचा.)

आधी पासपोर्ट, मग एबीसीडी

इंग्रजीच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण इथेच गाडी अडते. ताईंचं शिक्षण किती झालंय आणि त्याचा कागद आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारा. दहावी पास नसेल तर बहुतेक वेळा ईसीआर पासपोर्ट मिळतो, म्हणजे दुबई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीसाठी जायला सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवरून. आणि ह्या पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या बाईचं वय किमान 30 लागतं. सिंगापूर त्या 18 मध्ये नाही पण त्यांचा स्वतःचा नियम आहे, वय 23 ते 50 मधलं पाहिजे आणि कमीत कमी 8 वर्षं शाळा झालेली पाहिजे. आमच्या ताई आठवी पास, पण शाळा सोडल्याचा दाखला गावी, मुळशीकडे. तो आणायला त्यांना 2 खेपा घालाव्या लागल्या. अर्ज करायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साईटवर ताजे नियम बघून घ्या, एजंट सांगतो त्यावर नका जाऊ.

हातात वर्ष-दीड वर्ष असेल आणि ताईंची इच्छा असेल तर दहावीचाच विचार करा. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पुण्यात पूना नाईट हायस्कूल आहे जिथे दिवसा काम करणारी माणसं संध्याकाळी शिकतात, नाहीतर मुक्त विद्यालय आहे. पण हा लांबचा रस्ता, आणि दहावीचं इंग्रजी म्हणजे बोलायचं इंग्रजी नव्हे हे तुम्हाआम्हाला स्वतःवरून माहितीये. हातात 3-4 महिनेच असतील तर पुढचं वाचा.

ताईंना किती इंग्रजी येतं ते वहीत लिहून काढा

"मला काय बी येत नाही ओ" असं म्हणणाऱ्या ताईंना किती येतं ते ऐकून तुम्ही चाट पडाल. मी एका संध्याकाळी भाजी निवडायच्या निमित्ताने त्यांच्याशेजारी बसले, नुसतं बोलत राहिले आणि वहीत टिपत गेले. गॅस, कुकर, मिक्सर, फ्रीज, सिलिंडर, लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, टाईम, टेन्शन, रिचार्ज, रेंज, चार्जर, बीपी, शुगर, सलाईन, एक्स-रे, अर्जंट, कॅन्सल, फायनल. अर्ध्या तासात 112 शब्द झाले. वही ताईंना दाखवली तर म्हणाल्या, हे होय, हे तर मराठीच आहे.

ही वही फार कामाची आहे, जपून ठेवा, शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी हीच द्यायची. फक्त ह्यातले काही शब्द तिकडे गेल्यावर दगा देतात ते वेगळे काढा. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, तिकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा. आपली कॉट म्हणजे पलंग, इंग्लंडमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठडेवाला पाळणा. आपण म्हणतो लाईट गेली, तिकडे लाईट गेली म्हटलं की माणूस बल्बकडे बघतो, पॉवर म्हणावं लागतं. पेन्सिल सेल मागितला तर दुकानदार शिसपेन्सिल काढतो. आणि पुण्यातली जुनी माणसं फ्लॅटला ब्लॉक म्हणतात, सिंगापुरात ब्लॉक म्हणजे अख्खी बिल्डिंग.

भाज्यांचं तर देशागणिक वेगळं. वांगं सिंगापुरात ब्रिंजल म्हटलं तरी चालतं, लंडनला ऑबर्जिन, अमेरिकेत एगप्लांट. कोथिंबीर अमेरिकेत सिलँट्रो. भेंडीला सिंगापुरात लेडीज फिंगर म्हणा, अमेरिकेत ओकरा. म्हणजे कुठल्या देशात जाताय ते ठरल्याशिवाय शब्दांची पाठांतरं सुरू करू नका.

दिवस लिहून काढा

दुसरी यादी दिवसाची. तिकडे गेल्यावर ताईंचा दिवस कसा असेल तो सकाळपासून रात्रीपर्यंत कागदावर मांडा आणि प्रत्येक ठिकाणी समोर कोण असेल ते लिहा. लिफ्टमधली शेजारीण, प्लेस्कूलची टीचर, बसचा ड्रायव्हर, पार्सल घेऊन येणारा, क्लिनिकमधली रिसेप्शनवाली. आता इथे आपण सगळे एक चूक करतो, ताईंनी काय बोलायचं तेवढंच लिहितो. अहो पण समोरचा काय बोलणार ते आधी लिहा ना. ताई एक वाक्य पाठ करून म्हणतील हो, पण त्यावर समोरून भराभर जे काही येईल ते कळलं नाही तर पुढे सगळं ठप्प. माझ्या यादीत शेवटी ऐकायची वाक्यं बोलायच्या वाक्यांच्या दुप्पट झाली होती.

आणि मग तिसरी यादी, जी करताना मलाच जरा जड गेलं, खरं सांगते. ताईंना माझ्याविरुद्ध वापरता येतील अशी वाक्यं. आज माझी सुट्टी आहे. ह्या महिन्याचा पगार जमा झाला नाही. माझा पासपोर्ट माझ्याकडेच राहील. ही गोळी मला नको, आधी डॉक्टरला विचारा. खिडकीची बाहेरची काच मी पुसणार नाही. हे शेवटचं उगाच नाही लिहिलं, सिंगापुरात उंच मजल्यांवरून खिडक्या पुसताना पडून बायका गेल्यात, म्हणून तिथे नियमच आहे की बाहेरची बाजू पुसायची तर खिडकीला ग्रिल हवं, ते कुलूपबंद हवं आणि घरातलं कुणीतरी समोर उभं हवं. पासपोर्ट ठेवून घ्यायचाही मालकाला तिथे अधिकार नाही. हे नियम मला ताईंच्या आधी वाचायला लागले आणि मग बाईंना सांगितलं की हीसुद्धा वाक्यं शिकवा. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ही मी पहिल्याच आठवड्यात घेणार होते.

तुम्ही चांगलं वागणार आहात हो, मान्य आहे. पण तिकडे ताईंना शेजारीण बोलणार, तुमचे पाहुणे बोलणार, कुणी म्हणेल जरा माझंही घर आवरून दे. सिंगापुरात परमिट एकाच घरचं असतं, दुसरीकडे काम केलं तर ताईच अडचणीत येतात. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे आणि ते इंग्रजीतूनच म्हणावं लागणार आहे.

पुण्यात शोधायचं कुठे

मी काय केलं ते आधी सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. डेक्कनवर एक मोठी पाटी बघितली, फाडफाड इंग्रजी बोला, आणि भरली फी. बॅचमध्ये 20-25 पोरं, सगळी इंजिनिअरिंगची नाहीतर नुकतीच नोकरी शोधायला लागलेली, सर त्यांना इंटरव्ह्यूची तयारी करून घेतायत, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, ग्रुप डिस्कशन, विषय काय तर सोशल मीडिया शाप की वरदान. ताई साडी नेसून शेवटच्या बाकावर. 3 आठवड्यांनी वही बघितली तर 12 काळांचा सुंदर तक्ता, लाल-निळ्या पेनाने आखलेला, गो वेंट गॉन सगळं अगदी बरोबर. मी विचारलं, ताई, व्हॉट इज युवर अॅड्रेस? ताई गप्प. 3 आठवड्यांत त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं नव्हतं कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. फी परत मिळणार नाही हे पावतीवर मागच्या बाजूला छापलं होतं म्हणे. क्लास वाईट होता असंही मी म्हणणार नाही, त्या पोरांना उपयोग होत असेल, ताईंसाठी तो नव्हता एवढंच.

मग सासूबाईंनी मार्ग काढला. म्हणाल्या, पुण्यात निवृत्त शिक्षिकांचा दुष्काळ आहे का? आणि खरंच. मराठी माध्यमाच्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाई हा माझ्या मते सगळ्यात उत्तम पर्याय आहे, इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा कितीतरी बरा, कारण मराठी माणूस इंग्रजी बोलताना नेमका कुठे अडखळतो ते त्यांना पाठ असतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, त्याआधी पाचवीपासून असायचं. आमच्या ताई त्याच पाचवीवाल्या, म्हणजे चारच वर्षं इंग्रजी, आणि ह्या बाईंनी अशाच मुलींना आयुष्यभर शिकवलेलं.

शोधायच्या जागा म्हणजे सोसायटीचा बोर्ड, जवळचं वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ. ऑनलाईन जाहिरात द्यायची गरजच पडली नाही. मी जी चिठ्ठी लावली ती अशी होती, वाटल्यास उचला:

"घरकाम करणाऱ्या 38 वर्षांच्या ताईंना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायचं आहे. मराठी उत्तम येणं आवश्यक. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नको. आमच्या घरी येऊन, आठवड्यातून 4 दिवस, दुपारी 3 ते 4."

3 फोन आले. पहिल्या गृहस्थांनी विचारलं की ताईंचं ग्रामर कसं आहे. दुसरीने फीच आधी विचारली, तेही ठीकच आहे म्हणा. तिसऱ्या बाईंनी विचारलं, त्यांना हे शिकायचंय का तुम्हाला त्यांना शिकवायचंय? तिथेच मी ठरवून टाकलं.

बाई नाही मिळाल्या तर कॉलेजच्या मुली बघा, इंग्रजीत एम.ए. किंवा बी.एड. करणाऱ्या. फर्ग्युसन, एसपी, गरवारे ह्या बाजूला बाहेरगावच्या मुली खूप असतात आणि लातूर-नांदेडकडून आलेल्या मुलीला ताईंना अगंतुगं करायचं नसतं, ती आपसूक "ताई" म्हणते, ह्याने फार फरक पडतो. फक्त परीक्षेच्या दिवसांत गायब होतात, तेवढं धरून चाला.

पुस्तकाच्या दुकानात जाऊन 30 दिवसांत इंग्रजीवालं पुस्तक आणू नका. अप्पा बळवंत चौकात ढीग मिळतील पण ती पुस्तकं एकट्याने वाचायची असतात. त्यापेक्षा बालभारतीची मराठी माध्यमाची पहिली-दुसरीची इंग्रजीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साईटवर फुकट पीडीएफ मिळतात, आमच्या बाई त्यातली फक्त चित्रं वापरायच्या. गाणी-बडबडगीतं ताईंना म्हणायला लावू नका, मोठ्या माणसाला अपमान वाटतो.

पहिला तास तुम्ही बसून बघा

फक्त पहिला, पुढचे नाही, मालकीण समोर असली की ताईंचं तोंड बंदच राहणार. बसा आणि घड्याळ बघा. तासाभरात ताई किती मिनिटं बोलल्या? 20-25 मिनिटं बोलल्या असतील तर उत्तम, 5 मिनिटंच असतील तर शिकवणारा कितीही विद्वान असो, नमस्कार करून मोकळे व्हा.

आमच्या बाई पहिल्या दिवशी आल्या त्या वही-पुस्तक काही न घेता. चहा झाला, मग म्हणाल्या चला स्वयंपाकघरात. फ्रीज उघडला आणि ताईंना इंग्रजीतून सांगितलं, दूध दुसऱ्या कप्प्यात ठेवा. एकदा सांगितलं, हाताने दाखवलं, परत सांगितलं. ताईंनी ठेवलं. मग अंडी खाली, दही वर, झाकण लावा, झाकण काढा, गॅस बारीक करा, बंद करा. 10 मिनिटं ताई एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसतं ऐकायचं आणि करायचं. मला वाटलं हे काय, ताई तर बोलतच नाहीत. मग बाई म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, मी करते. ताई हळूच म्हणाल्या, मिल्क... सेकंड. बाईंनी दूध उचललं आणि मुद्दाम ओव्हनमध्ये ठेवायला निघाल्या. आणि ताई जवळजवळ ओरडल्या, नो नो! नॉट देअर! आणि मग स्वतःच तोंडावर पदर धरून हसायला लागल्या.

तासाच्या शेवटी बाईंनी त्यांना घरचा अभ्यास दिला, उद्या सकाळी वहिनींना इंग्रजीतून 3 गोष्टी सांगायच्या, वहिनींनी फक्त करायच्या, दुरुस्त्या करायच्या नाहीत. हे माझ्यासाठी होतं हे मला कळलं.

अजून काय बघायचं: शिकवणारा ताईंना काय म्हणतो, "अहो" का "ए". चूक झाली की लगेच तोंडातलं वाक्य तोडतो का पूर्ण होऊ देतो. ताईंच्या वहीत देवनागरीत उच्चार लिहिलेला चालतो का, कारण काहीजण ह्यावर नाक मुरडतात, पण सुरुवातीला तोच आधार असतो, हळूहळू सुटतो.

फी आणि वेळ

फी तुम्ही द्यायची. पगारातून कापायची नाही, "पुढे बघू" नाही. आणि तास कामाच्या वेळात घ्यायचा, म्हणजे त्या एका तासाचं काम कमी करायचं. रात्री भांडी आटपून 9 ला क्लास ठेवला तर ताई झोपा काढतील, मीसुद्धा काढीन. आमच्याकडे दुपारी 3 ते 4 लेक झोपलेली असायची, ती उठली तर मी बघायची. आम्ही तासाला 300 रुपये द्यायचो, बाईंनीच सांगितलेला आकडा, मी घासाघीस केली नाही.

मराठीतून इंग्रजीत जाताना कुठे घसरायला होतं

हा भाग शिकवणाऱ्याला वाचायला द्या, खासकरून तो मराठी नसेल तर.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे हो आणि नाही. आपण विचारतो "जेवला नाहीस का?" आणि उत्तर येतं "हो, नाही जेवलो". आपलं हो हे प्रश्नाला असतं. इंग्रजीत अशा वेळी नो म्हणायचं. आता क्लिनिकमध्ये नर्सने विचारलं की बाळाला कसली अॅलर्जी नाही ना, आणि ताई म्हणाल्या येस, तर नर्स काय लिहून घेणार? बाईंनी ह्यासाठी सोपी युक्ती दिली, नुसतं येस-नो म्हणायचंच नाही, पूर्ण म्हणायचं, नो अॅलर्जी. ही ताईंना एवढी बसली की आजही त्या मराठीतसुद्धा "हो, जेवला" असं पूर्ण सांगतात.

दुसरं आदराचं. आपण म्हणतो साहेब झोपलेत, दादा आलेत. ताईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. नवऱ्याचा ऑफिसमधला माणूस दारात आला, ताई म्हणाल्या, दे आर स्लीपिंग. त्याने विचारलं, किती जण आलेत घरी? शेवटी बाईंनी समजावलं की इंग्रजीत साहेबालाही "ही" (he) म्हटलं तरी त्यात उद्धटपणा नाही. ताईंना ते पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ग्रामर पटकन आलं, संकोच जाईना.

आकडे. मराठीत आपण त्रेचाळीस म्हणतो तेव्हा तीन आधी, चाळीस नंतर, इंग्रजीत उलटं. त्यामुळे ऐकलेला नंबर लिहिताना 43 चे 34 होतात. आणि फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी ही तर सगळ्यांचीच बोंब. आम्ही तिथे गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ताई लेकीला घेऊन एका मराठी कुटुंबाकडे निघाल्या, रस्त्यात कुणालातरी विचारलं, त्याने सांगितलं ब्लॉक फिफ्टी, ताई गेल्या फिफ्टीनला. खाली बाकावर बसून राहिल्या अर्धा तास, मी मीटिंगमध्ये, माझा फोन सायलेंटवर. त्या दिवसापासून नियम केला, कुठलाही आकडा ऐकला की सुटा करून परत विचारायचा, वन फाईव्ह? फाईव्ह झिरो? औषधाच्या मात्रेला तर हे हवंच हवं. फोन नंबर आणि पत्ताही असेच एकेक आकडा करून पाठ करून घ्या, आणि त्या देशाचा इमर्जन्सीचा नंबर: सिंगापुरात अॅम्ब्युलन्स 995, पोलीस 999. दुबईत पोलीस 999, अॅम्ब्युलन्स 998, आग लागली तर 997. लंडनला सगळ्याला 999.

परवा हा शब्दही बघा. आपला परवा मागेही जातो पुढेही जातो, इंग्रजीत त्याला एक शब्द नाही. ताईंना वारच शिकवा, मंडे ट्यूजडे, भानगड मिटते.

तिकडे पोचल्यावर

पुण्यात 3 महिन्यांत होतं ते पायापुरतं. खरा क्लास तिकडे लावायचा. सिंगापुरात पहिल्यांदा कामाला येणाऱ्या बायकांना सेटलिंग-इन प्रोग्रॅम करावाच लागतो पण तो सुरक्षितता आणि नियमांचा, इंग्रजीचा क्लास नव्हे. इंग्रजीसाठी तिथे फास्ट नावाची संस्था आहे, होम नावाची आहे, ह्यांचे कोर्स घरकामगार बायकांसाठीच असतात आणि बहुतेक रविवारी, कारण तोच सुट्टीचा दिवस. पैशाचं व्यवहारज्ञान आणि कॉम्प्युटर शिकायचं असेल तर आयधा आहे. इंग्लंडमध्ये शोधताना ईसॉल ह्या नावाने शोधा, अमेरिकेत ईएसएल, तिकडे पब्लिक लायब्ररीत बऱ्याच ठिकाणी फुकट गप्पांचे गट असतात, पहिली चौकशी तिथेच करा. खाजगी शिकवणारा बघितलात तर मोठ्या माणसांना शिकवायचं ट्रेनिंग आहे का विचारा, सेल्टा नावाचं एक सर्टिफिकेट असतं.

फॉर्मवर लेव्हल विचारतात. ताईंना ए वन मध्ये घातलं हे ऐकून त्या खूश झाल्या होत्या, आपल्याकडे एवन म्हणजे एकदम फर्स्टक्लास ना. तिकडे ए वन ही सगळ्यात खालची पायरी. मी काही बोलले नाही. 4 रविवारांनी त्याच मला येऊन म्हणाल्या, वहिनी तुम्हाला म्हाईत होतं ना?

रविवारचा क्लास म्हणजे ताईंची सुट्टी ताईंनी स्वतः खर्च करायची, तर तिथे जायचं का नाही हे त्यांना ठरवू द्या. सिंगापुरात आठवड्याला एक सुट्टी असते आणि 2023 पासून महिन्यातली एक तरी सुट्टी पैसे देऊन विकत घेता येत नाही, द्यावीच लागते. ताई दोन रविवार क्लासला जायच्या आणि दोन रविवार क्लासमधल्या मैत्रिणींबरोबर भटकायच्या, एक फिलिपिनो, एक म्यानमारची, आणि तिघींची एकमेकींशी बोलायची भाषा एकच, इंग्रजी. क्लासपेक्षा त्यातच जास्त शिकल्या असं मला वाटतं. अर्थात मग वाक्याच्या शेवटी "ला" लावायला लागल्या, "कॅन?" "कॅन कॅन!" सुरू झालं. पुण्याच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर ते ऐकलं आणि मला वाटलं आता रागावणार, तर त्या म्हणाल्या, तिथली माणसं तसं बोलतात ना, मग बोलू दे.

तो व्हिडिओ कॉल मात्र बंद करू नका. नवा क्लास लागला तरी पहिले 2-3 महिने पुण्याच्या बाईंचा आठवड्यातून एक तास चालू ठेवा, कारण दिवसभर जे कळलं नाही ते मराठीतून विचारायला ताईंना तिथे दुसरं कुणी नसतं, आणि तुम्हाला त्या विचारणार नाहीत. वेळेचं गणित आधी करून ठेवा, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि दुबई दीड तास मागे. आमचा बुधवार ठरला होता, पुण्यात दुपारी 12, तिकडे अडीच. दार लावून बोलायच्या. आतून हसण्याचा आवाज यायचा आणि मधूनच माझं नाव, पण काय चाललंय ते मी कधी विचारलं नाही.